अंगठ्याची तयारी

कोंडाजीभाऊ समोरच्याच्या चेहऱ्याआधी अंगठा बघायचे. रामराम झाला की हात धरायचे, अंगठा उन्हाकडे वळवायचे आणि निकाल द्यायचे, "तुमच्या रेघा लई झ्याक, गुरुजी. नुसता खडू धरलाय तुमी!"

हे वेड ते मंचरच्या बाजारातून घेऊन आले. सरकारी विम्याला तोवर पिवळं रेशनकार्ड पुरत होतं. आता पुढच्या महिन्यात घोडेगावला शिबिर, आणि मशीनवर ज्याचा अंगठा उमटेल त्याचंच नाव विम्यात, असं त्यांना कळलं. एका गावात म्हणे मशीननं निम्म्या बायांना परत पाठवलं होतं. इकडे भाऊंच्या बायकोच्या, पार्वतीवहिनींच्या, पित्ताशयात खडे. ऑपरेशन लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि कांदे कापून, राखेनं भांडी घासून वहिनींचा अंगठा पार गुळगुळीत झालेला.

"ऐन वक्ताला तारांबळ नको, राव," हे भाऊंचं पालुपद. एसटी साडेनवाची असली की हा माणूस साडेसातला थांब्यावर हजर. त्यांनी लगेच फर्मान काढलं. शिबिरापर्यंत वहिनींनी राखेला आणि विळ्याला शिवायचं नाही. दोन वेळा अंगठ्याला साय. दर रविवारी परीक्षा! त्यासाठी शाईचं पॅड आणलं, माझ्याकडचं जुनं कॅलेंडर नेलं आणि त्याच्या पाठीवर वहिनींचे ठसे घेऊ लागले. शेरा मी द्यायचा. मी 'प्रगती आहे' असं लिहिलं की भाऊ पोरगं पास झाल्यासारखे आळीभर सांगत सुटायचे.

घरकाम अर्थातच भाऊंच्या गळ्यात पडलं. त्यांची पहिली भाकरी चुलीत गेली. दुसरी म्हशीनं हुंगली आणि तोंड फिरवलं. ते भांडी घासायला बसले की आळी गोळा व्हायची.

"भाऊ, आमची बी दोन पातेली घेता का?"

"आन की!" आणि खरंच घासून द्यायचे.

वहिनींना मात्र रिकामं बसवेना. एकदा भाऊ दळणाला गेले तेवढ्यात त्यांनी गुपचूप कढई घासली. भाऊंनी नखातली राख पकडली आणि अंगणात थयथयाट केला. "अगं, रेघ गेली म्हंजे इमा गेला!"

"आवं, मी काय नवी नवरी हाय का, साय लावून बसाया?" वहिनी म्हणाल्या खऱ्या, पण लाजल्या.

शिबिराला मीही गेलो. वहिनींनी मशीनवर अंगठा टेकवला आणि पहिल्याच फटक्यात हिरवा दिवा! भाऊंनी टोपी हवेत उडवली. मग त्यांचा नंबर आला. एकदा, दोनदा, पाचदा टेकवला. दिवा लालच.

"बाबा, तुमच्या रेघाच गेल्यात," मशीनवाला म्हणाला. रांगेत हशा पिकला. भाऊही पोट धरून हसले. "तिचं झालं न्हवं? बास!"

परतीच्या एसटीत मात्र ते स्वतःचा अंगठा उन्हाकडे वळवून बघत बसले. मग म्हणाले, "गुरुजी, माझ्या रेघा म्हैन्यात गेल्या. तिच्या कवा गेल्या, ते मला ठावंच न्हाई. तीस वर्सं एका घरात ऱ्हातो आमी."

पलीकडे वहिनी खिडकीशी पेंगत होत्या. भाऊंनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्यांच्या हातांवर हळूच पांघरला.