खिडकी पाडणेबाबत

श्रीवास्तुपुरुष राखो, आणि त्याहून थोर जे इमारतखाते तेही राखो. शके एकोणीसशें एकेचाळीस, विकारीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ही हकीकत लिहावी म्हणोन कोणी आज्ञा केली नाही. उलट लिहू नये ऐसे तिघांनी बजाविले. परंतु मनात भय फार दाटले, ते कागदावर उतरले तर चार घास गोड लागतील म्हणोन लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. राजे कोण होते हे प्रजेसही नीट ठाऊक नव्हते, त्यांची सही मात्र सर्वत्र दिसे. त्या राज्यात ऐसा कायदा होता की, ज्याने त्याने आपले घरास काही नवे करावयाचे जाहले, ओटा, माळा, पत्रा, पायरी, तर आधी कचेरीत अर्ज करावा, मंजुरी यावी आणि मग विटेस हात लावावा. एकाने न विचारता मोरी हलविली, तो पुढे दोन वर्षे कचेरीच्या बाकावरच दिसत असे. तेव्हापासून लोक भिंतीस खिळा ठोकितानाही आधी रस्त्याकडे पाहोन घेत.

त्या राज्यात कासारआळीत घर क्रमांक एकशे सात, तेथे रंगोबा कासार बांगड्यांचा व्यापार करून राहात होते. माणूस सरळ, स्वभावे भित्रा, पोस्टमन आला तरी उभा राहणारा. त्यांचे कुटुंब सगुणाबाई. बाईंस दमा होता आणि स्वयंपाकघरास खिडकी नव्हती. फोडणी पडली की बाई खोकत बाहेर येत, ओट्यावर बसून श्वास घेत आणि मग पुन्हा आत जात. वैद्यांनी नाडी पाहोन सांगितले की, औषध देतो, परंतु बाईंस हवा पाहिजे, न मिळाल्यास पुढील हिवाळा कठीण. हे ऐकोन रंगोबांचे काळीज हलले. मग त्यांनी धीर केला आणि अर्ज लिहिला. विषय ऐसा: "घर क्रमांक एकशे सात, स्वयंपाकघराचे पूर्वेकडील भिंतीस खिडकी पाडणेबाबत." आळीत सर्व ऐसेच बोलत. विहीर पाडतात, भोक पाडतात, तैशी खिडकी पाडतात. शब्दात काही वावगे नव्हते. आणि तो अर्ज कचेरीत आवकवहीवर बसणारे नांद्रे कारकून यांचे हाती दिला.

नांद्रे कारकून बावीस वर्षांचे जुने. त्यांचे वहीत विषयाचा रकाना दोन बोटे रुंद आणि प्रजेचे विषय हातभर लांब. म्हणोन त्यांनी एक रिवाज पाडिला होता की, विषयाचा आरंभ घ्यावा, शेवट घ्यावा आणि मधले सोडून द्यावे. बावीस वर्षांत कोणी हरकत घेतली नव्हती. त्याप्रमाणे त्यांनी वहीत लिहिले: "घर क्र. १०७ पाडणेबाबत." आणि कागद पाडकामखात्याकडे रवाना केला. मग अघटित जाहले. ज्या कचेरीतून पत्र्याची परवानगी यावयास तीन पावसाळे लागत, तेथून रंगोबांस नवव्या दिवशी हुकूम आला. सारी आळी ओट्यापाशी गोळा जाहली, म्हणाली, रंगोबांचे नशीब थोर. रंगोबांनी चष्मा लाविला आणि मोठ्याने वाचावयास घेतले: "आपले अर्जास अनुसरून घर क्रमांक एकशे सात पाडण्यास मंजुरी देण्यात येत आहे. पंधरा दिवसांत आपण न पाडल्यास खाते स्वतः पाडील." शेवटचे वाक्य त्यांचे तोंडातून निघाले नाही, शेजाऱ्याने वाचिले. मग आळी एकेक करून आपापले घरी गेली, कारण ऐशा कागदाजवळ फार वेळ उभे राहणे कोणास बरे वाटेना.

दुसरे दिवशी रंगोबा कचेरीत गेले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, मी घर नाही हो पाडत. खिडकी पाडायची होती." नांद्रे म्हणाले, "काका, सही तुमचीच ना? पाडणे हा शब्द तुमचाच ना?" "शब्द माझाच, पण खिडकी." "खिडकी कुणी पाडतं का? खिडकी बसवतात." "आमच्याकडं आधी पाडतात, मग बसवतात." तेव्हा नांद्रे यांनी मूळ अर्ज काढिला, वही काढिली, दोन्ही शेजारी ठेविली, ताडून पाहिली आणि वही झटकन मिटली. त्यांचे मुलीचे लग्न वैशाखात ठरले होते, आणि वहीत खाडाखोड केलेला मागील कारकून आजवर कामावर परतला नव्हता. ते हळूच बोलिले, "काका, वहीला हात लावता येत नाही. तुम्ही साहेबांना भेटा. माझं नाव मात्र घेऊ नका, पाया पडतो." भय खाली होते तैसेच वर होते, हे रंगोबांस तेव्हा कळले आणि त्यांचा उरला धीरही सुटला. मग ते पाडकामखात्याचे साहेबांकडे गेले. साहेब मोठे मायाळू. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागविला आणि सांगितले, "आजोबा, घाबरायचं नाही. आमची माणसं अनुभवी आहेत. शेजारच्या भिंतीला धक्कासुद्धा लागणार नाही." रंगोबांनी अर्ज मागे घेतो म्हणताच साहेब म्हणाले, "घ्या की. घर पाडलेलं नाही असा दाखला जोडा. तो आम्ही पाडायची मुदत संपली की देतो."

मग पंधरा दिवस जे गेले ते वैऱ्यासही न येवोत. रंगोबांनी बांगड्यांची खोकी मेहुण्याकडे पोचविली, देव एका पिशवीत बांधिले, आणि आळीत कोणाची गाडी जरी थांबली तरी ताटावरून उठोन दाराशी जात. सगुणाबाई म्हणत, "जेवा हो. भिंती काय तुमच्या बघण्यानं उभ्या आहेत?" परंतु त्याही घास गिळीत नव्हत्या. सोळावे दिवशी सकाळी पिवळे यंत्र आळीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. आळी अरुंद, यंत्र आत शिरेना, म्हणोन शिदू मुकादम दोन माणसे आणि पहारी घेऊन पायी चालत आले. रंगोबा दारात उभे होते, बोलावयास गेले, परंतु वाचा बसली. तेव्हा सगुणाबाई पिठाचे हात घेऊन पुढे जाहल्या. "काय पाडायला आलास, बाबा?" "घर, मावशी. हुकूम आहे." बाईंनी अर्जाची झेरॉक्स त्यांचे पुढे धरिली. "हे वाच आधी." मुकादमांनी वाचिले, पुन्हा वाचिले आणि पायरीवर बसले. म्हणाले, "मावशी, चूक दिसतीय मला. पण मी हात हलवत परत गेलो तर माझं काम जातं. पाडल्याचा फोटो लागतो." बाई बोलिल्या, "मग पाड ना. मी कुठं नको म्हणते? खिडकी पाड." मुकादम हसले आणि आत गेले. पूर्वेचे भिंतीस तीन हात रुंद, दोन हात उंच भगदाड पाडिले, आणि फोटो इतका जवळून घेतला की त्यात विटांचा ढीग आणि आभाळ यांवाचून काही दिसेना. कचेरीत वहीत नोंद जाहली: "पाडले." नांद्रे वाचले, मुकादम वाचले, साहेबांची वाहवा जाहली. घरात वारा आला. सगुणाबाई त्या खिडकीपाशी उभ्या राहोन पोटभर श्वास घेत राहिल्या, आणि रंगोबा लहान मुलासारखे रडले.

परंतु आठ दिवसांनी दुसरा कागद आला: "घर क्रमांक एकशे सात पाडले असल्याने नोंद कमी करण्यात आली." रंगोबांनी विचार केला की, पाडलेले घर उभे सापडले तर ते विनापरवाना बांधले ऐसे होईल, आणि विनापरवान्यास पंधरा दिवसांचीही मुदत नाही. मग भय पुन्हा घरात शिरले आणि तेथेच राहिले. त्यांनी दारावरची क्रमांकाची पाटी काढिली, उंबऱ्यावरची रांगोळी बंद केली, बाईंस सांगितले की मोठ्याने बोलू नको. पुढे भाद्रपदात घरमोजणीचे कामगार आळीत आले. पाटी नाही ऐसे पाहोन ते खिडकीपाशी थांबले आणि विचारिले, "आत कोण राहतं?" सगुणाबाई खिडकीतच उभ्या होत्या, हातात आमटी ढवळण्याचा डाव होता. परंतु त्या बोलण्याआधी रंगोबा मागून ओरडले, "कोणी नाही जी! कोणी नाही!" कामगारांनी एकदा बाईंकडे पाहिले, एकदा हातातल्या यादीकडे पाहिले, आणि यादीत लिहिले, "निरंक." मग ते पुढील घरी गेले. सगुणाबाईंनी डाव खाली ठेविला आणि म्हणाल्या, "अहो, मी समोर उभी होते की. मीपण नाही का?"

येणेप्रमाणे विकारी संवत्सरी कासारआळीत जाहले. खिडकी उत्तम जाहली, बाईंचा दमाही उतरला. त्या दिवसापासून बाई रंगोबांशी बोलत नाहीत, कोणी विचारिले तर म्हणतात, तिथं कोण आहे बोलायला? लिहिणारास सर्व ठाऊक आहे, कारण तो घर क्रमांक एकशे आठात राहतो, आणि कामगारांनी त्यास शेजारी कोण राहतात ऐसे विचारिले तेव्हा त्यानेही मान हलवोन नाही म्हटले.