लाल पट्टीच्या खाली तीन बोटं

मंगळवारी सकाळी यंत्राने टीं-टीं करून तिसऱ्यांदा मान टाकली, तेव्हा वाल्देमार खुर्चीत असा समाधानाने मागे रेलला, जणू यंत्र त्यालाच विचारून बंद पडले होते.

"गळतंय," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं. पाण्याचं यंत्र आज ना उद्या गळणारच."

"खाली वर्तमानपत्र अंथरलंय ना, ते बघ," एर्मिंदाबाई म्हणाल्या. "कोरडं ठणठणीत आहे."

"मग आतल्या आत गळत असेल."

"आतल्या आत माणूस कुढतो, वाल्देमार. यंत्र गळलं तर बाहेरच गळतं."

यंत्र चालवणारी यमिला गुडघे टेकून टबाला चिकटवलेली लाल पट्टी न्याहाळत होती. काल संध्याकाळी पाणी बरोबर पट्टीपर्यंत होते. आता तीन बोटे खाली.

"मावशी, वाफ होऊन जातंय म्हणावं तर एवढी वाफ होत नाही," ती रडवेली होऊन म्हणाली. "मी सगळे आकडे मांडून पाहिले."

"विकणाऱ्यांना बोलावून घ्या," वाल्देमार म्हणाला. "तीन महिन्यांत दोष निघाला तर हे नेऊन बिनपाण्याचं देणार आहेत. तसा कागद आहे माझ्या कपाटात. आणि बाईंनी भर सभेत काय शब्द दिला होता, तो माझ्या डोक्यात आहे."

शब्द दिला होता खरा. गावाच्या कडेच्या जुन्या लोकरीच्या गोदामात त्यांची सहकारी संस्था गांजाच्या फुलांपासून सांधेदुखीचे औषधी तेल काढत असे, रीतसर सरकारी परवान्याने. आधी हे काम दुसरीकडून करून आणावे लागे. मग स्वतःचे ऊर्ध्वपातनाचे यंत्र घ्यायचे ठरले आणि सभासदांत दोन तट पडले. आयुष्यभर रेल्वेची इंजिने दुरुस्त केलेल्या वाल्देमारला बिनपाण्याचे, सगळीकडून बंद, विजेच्या कोरड्या उबेवर चालणारे यंत्र हवे होते. एर्मिंदाबाईंना दुसरे आवडले होते. त्यात अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फुलांचा अर्क भरलेला काचेचा गोल चंबू गरम पाण्याच्या टबात अर्धा बुडून सावकाश फिरत राही, अल्कोहोलची वाफ पलीकडच्या भांड्यात थंड होऊन पुन्हा वापरायला मिळे, आणि चंबूत मधासारखे दाट तेल उरे. बाईंनी सभेत पाच कारणे दिली: ऊब सगळीकडून सारखी लागते, तेल करपत नाही, काच उघडी असल्याने आत काय चालले आहे ते दिसते, धुवायला सोपे, आणि भाग देशात मिळतात. पाचही खरी होती. शेवटी त्या म्हणाल्या होत्या, "हे यंत्र चुकलं, तर मी अध्यक्षपद सोडीन आणि त्या खुर्चीवर वाल्देमारला स्वतःच्या हातानं बसवीन."

शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षे रोज दोनशे पोरांना जेवू घातलेल्या बाईच्या शब्दावर हात वर झाले.

सहावे कारण मात्र त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते. राजधानी मोंतेविदेओतल्या यंत्रांच्या दुकानात सगळे जण काचेकडे पाहत असताना त्यांनी हळूच बाही वर करून टबातल्या पाण्याला क्षणभर कोपर टेकवले होते. त्यांच्या आईलाही पाण्याची ऊब अशीच नेमकी कळायची. रँचवरच्या त्या धुरकट स्वयंपाकघरात किटली गुणगुणू लागली की आई कान द्यायची आणि बरोबर त्या क्षणी खाली उतरवायची. उकळी फुटली की पाणी सरळ अंगणात. "उकळलेलं पाणी पायावर ओत, यर्ब्यावर नको," असे ती म्हणायची. वाळल्या भोपळ्यात भरून, वर गरम पाणी ओतून नळीने चहासारखा चोखायचा तो हिरवा पाला उकळत्या पाण्याने करपतो, कोमट पाण्याने रुसतो. आईला जाऊन चाळीस वर्षे झाली होती, आणि तेव्हापासून तसे पाणी एर्मिंदाबाईंना कुठे मिळाले नव्हते. ते त्या टबात होते. दिवसभर. न उकळता, न निवता.

आणि गोदामात दुसरे गरम पाणी नव्हतेच. अल्कोहोलमुळे शेगडी, किटली, काडेपेटी, सगळ्याला बंदी. तसा हातभर लांब फलक एर्मिंदाबाईंनीच रंगवून घेतला होता. म्हणून त्या सकाळी सगळ्यांच्या आधी येत, टबातून एक थर्मास भरून घेत आणि तेवढेच ताजे पाणी टबात ओतत. एक थर्मास गेला, एक आला. देवाच्या दारीही हा व्यवहार चोख ठरला असता.

त्यामुळेच त्या तीन बोटांचा त्यांना उलगडा होईना. आपण नेलेले तर आपण भरतो. मग राहिलेले पितो कोण?

बुधवारी लाल पट्टीच नाहीशी झाली. यमिलाने नवी लावली. दुपारी अंगणातल्या ओम्बूच्या झाडाच्या सावलीत सगळे बसले असताना वाल्देमार यंत्रांच्या एकूण अविश्वासूपणाबद्दल बोलत होता. बोलता बोलता त्याने थर्मास उचलून भोपळ्यात पाणी ओतले. थर्मासच्या बुडाला लाल पट्टी चिकटलेली होती.

एर्मिंदाबाईंच्या घशात नळी अडकायची तेवढी बाकी राहिली.

"काय झालं?" वाल्देमारने विचारले.

"काही नाही. तुझं पाणी आज छान दिसतंय."

"घरून आणतो मी," तो ताठ मानेने म्हणाला. "सकाळी सहाला भरतो."

दुपारच्या तीन वाजता त्या सहाच्या पाण्यातून वाफ निघत होती. बाईंनी मग शेजारी बसलेल्या सभासद हेबेर्तच्या थर्मासकडे पाहिले. वाफ. बाटल्या भरणाऱ्या दोघी बहिणींकडे. वाफ. यमिलाकडे पाहिले, तर ती मुलगी कानापर्यंत लाल झाली आणि झाडाची पाने मोजू लागली. सहा माणसे, सहा थर्मास, आणि प्रत्येकाला वाटत होते की आपला एकच तर आहे.

आता तोंड उघडायचे कसे? वाल्देमारला चोर म्हटले तर तो विचारणार, "तुम्हाला कसं कळलं टबातलं पाणी यर्ब्याला चांगलं लागतं ते?" एर्मिंदाबाई भोपळा चोखत गप्प बसल्या. पण गप्प राहिले तर यंत्र जाणार, खुर्ची जाणार, आणि आईचे पाणी दुसऱ्यांदा जाणार.

शुक्रवारी मोंतेविदेओहून तंत्रज्ञ आला. फाब्रिसियो नावाचा चाळिशीचा गृहस्थ, एका हातात हत्यारांची पेटी, काखेत थर्मास. त्याने टब ठोकला, तळाशी दिवा धरला, नवी पट्टी लावली आणि म्हणाला, "यंत्र चालू ठेवा. मी इथंच बसतो. संध्याकाळपर्यंत कळेल."

तो दिवस संस्थेच्या इतिहासात कोणी विसरणार नाही. तंत्रज्ञ टबाजवळ बसलेला, आणि सहाही थर्मास रिकामे. हेबेर्त चौकातल्या हॉटेलातून पाणी घेऊन आला. पहिल्याच घोटाला दोघी बहिणींनी तोंडे वाकडी केली.

"कोंबडी सोलायचं पाणी आणलंस रे!"

"मग तुम्ही जा की! तो हॉटेलवाला म्हणतो, उकळलं नाही तर गरम कसलं!"

अकरापर्यंत यमिलाचे डोके दुखायला लागले. बारा वाजता वाल्देमार एका खिळ्यावर चिडला. आणि टबातले पाणी लाल पट्टीवरून केसभरही हलले नाही.

"दोष दिसत नाही," दोन वाजता फाब्रिसियो म्हणाला. त्याचाही थर्मास केव्हाच संपला होता. "जरा गरम पाणी मिळेल का हो?"

"इथं गरम पाण्याला बंदी आहे," वाल्देमार कडाडला. "फलक वाचा."

चार वाजता सगळे अंगणात सभेला बसले. यंत्र ठेवायचे की परत करायचे, आजच ठरणार होते. एर्मिंदाबाईंना आठवले, चष्मा आतच राहिला. त्या दबक्या पावलांनी परत गेल्या आणि दारातच थांबल्या.

फाब्रिसियो टबावर वाकला होता. बाही वर. थर्मासच्या झाकणाने तो पाणी काढत होता आणि एक थेंबही सांडत नव्हता. हात सरावलेला होता.

"नमुना घेतोय," तो दचकून म्हणाला.

"लिटरभर?"

एर्मिंदाबाई जवळ गेल्या, त्याच्या पेटीवर ठेवलेला भोपळा घेतला, थर्मासमधले पाणी पाल्याच्या कडेकडेने सोडले आणि नळी तोंडात धरली. डोळे मिटले. किटली गुणगुणत होती आणि आई कान देऊन उभी होती.

"किती ठिकाणी?" त्यांनी डोळे न उघडताच विचारले.

"काय किती ठिकाणी?"

"लेकरा, मी दोनशे पोरांना वाढलंय. कोणी दुसऱ्यांदा रांगेत लागलं, ते मला मानेवरून कळतं. पाणी कमी होतंय म्हणून किती ठिकाणांहून बोलावणं आलं तुला?"

फाब्रिसियोने दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "अशी अकरा यंत्रं विकली, मावशी. अकराही ठिकाणांहून. बिनपाण्याची दोन गेली होती, ती दोन्ही परत आली. का परत आली, ते आमच्या मालकाला अजून कळलेलं नाही. तो यर्बा पीत नाही. जर्मनीचा आहे."

एर्मिंदाबाईंनी भोपळा पुन्हा भरून त्याला दिला. "घे. आणि अहवाल लिही."

सभेत फाब्रिसियोने तो उभ्याने वाचला: यंत्र निर्दोष, पाण्याची घट स्थानिक हवामानामुळे, सूचना एकच, टबाला बाहेरून एक तोटी बसवावी, म्हणजे पाणी "तपासणीसाठी" सहज काढता येईल.

सगळ्यांनी वाल्देमारकडे पाहिले. परत करण्याचा ठराव त्याच्याच हातात होता, नीट टाइप केलेला. त्याने कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि खिशात ठेवली.

"यंत्र चांगलंच आहे," तो म्हणाला. "मी कधी वाईट म्हटलं? फक्त ती तोटी जरा उंचावर लावा. खाली भांडं नीट उभं राहिलं पाहिजे."

"किती उंच भांडं?" एर्मिंदाबाईंनी विचारले.

वाल्देमारने विचार न करता काखेतला थर्मास काढून जमिनीवर उभा केला. "हे एवढं."