टाकीला हात लावू नका

पोपटतात्यांच्या मोटरसायकलच्या टाकीवर कायम टॉवेल असतो. थंडीत जाड, उन्हाळ्यात पातळ. त्याला कुणी बोट जरी लावलं, तरी तात्या चहाचा कप खाली ठेवून उठतात. श्रीरामपुरातल्या आमच्या गल्लीतली पोरं एक वेळ देवळातल्या मारुतीच्या खांद्यावर चढतील, पण त्या टाकीच्या वाटेला जाणार नाहीत.

तात्या साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. उभी हयात मशीनजवळ गेल्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू आज ना उद्या बिघडणार, ही त्यांची श्रद्धा. "काय हुनार तर न्हाई ना, सर?" हे ते मला दिवसातून वीस वेळा विचारतात. मी भूगोलाचा मास्तर. मी काय सांगणार? पण हल्ली मलाही गॅस बंद केला की नाही, याची धास्ती वाटते.

तात्यांची बायको, आमच्या काकू, वारल्या. एकुलती एक लेक आशू नोकरीला बंगळूरला. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो आणि तात्या तो घरात घेत नाहीत. मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंच्या डिक्क्यांत स्पीकर आहेत. फोन त्यांना जोडायचा आणि लेकीशी बोलत बोलत सायकलच्या वेगानं नेवाशाच्या रस्त्याला लागायचं. "बाबा, जेवलात का?" हे अख्ख्या गल्लीला ऐकू येतं. एकदा समोरच्या वहिनींनी ओट्यावरूनच उत्तर दिलं, की जेवले, वांगं आमीच दिलं.

दिवाळीनंतर आशूचा आवाज चिरकू लागला. पोरीचा घसा बसला म्हणून तात्यांनी तिला आठवडाभर हळद-दूध प्यायला लावलं. मग कळलं, स्पीकर गेलेत.

नवे स्पीकर मोठे निघाले, त्यामुळे डिक्क्यांची झाकणंही नवी घ्यावी लागली. ती आली काळी, म्हणून टाकीच्या रंगात रंगवायची ठरली. टाकी मरून, तीही पंचवीस उन्हाळे खाऊन विटलेली, त्यामुळे शेडकार्डावरचा एकही मरून तिला जुळेना. सगळे म्हणाले, टाकीच नव्यानं रंगवा. तात्या बधले नाहीत. रंग जुळवायला टाकी समोर हवी, म्हणून ती खोलून विलास पेंटरकडे ठेवली आणि स्वतः रोज तिच्याशेजारी स्टूल टाकून बसले.

पाचव्या दिवशी त्यांना ताप भरला आणि पहाऱ्यावर माझी नेमणूक झाली. विलासला सांगा, झाकनं रंगव, टाकीला हात लावू नको, एवढाच निरोप होता. विलास वैतागला होता. तीन वेळा रंग बनवला, जुळत नाही म्हणाला. मला शाळेला उशीर होत होता. मी म्हणालो, "कसंही कर, पण सगळं एकसारखं दिसू दे." निरोप सांगायचा तेवढा राहिला.

विलासला वाटलं, म्हातारा शेवटी वळला. त्यानं टाकी घासली, झाकणांबरोबरच रंगवली आणि आपलं माणूस म्हणून वर चकाकीचा एक हात जास्त मारला.

संध्याकाळी जाऊन पाहतो, तर टाकी नवीकोरी. तात्या तापातच आले. टाकीच्या दोन्ही अंगांवरून हात फिरवत राहिले.

"हितं ओरखडे हुते," ते म्हणाले. "आशूच्या पैंजनांचे. म्होरं टाकीवर बसायची. गाडी नवी हुती, म्हनून लई मारलं मी तिला. चार वर्सांची हुती, सर. मंग म्हनलं, ऱ्हाऊ दे ते. आपुन काय केलं, ते आपल्याला दिसत ऱ्हावं."

निरोप मीच विसरलो, हे मी सांगितलं. माफी मागितली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. विलासला काही बोलू नका, त्यानं जीव लावून काम केलंय, एवढंच तात्या म्हणाले.

रविवारी गाडी जोडून दारात उभी होती. मी अपराध्यासारखा फाटकाशी. फोन आला. नव्या स्पीकरमधून आशूचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"बाबा, रंग जुळला का?"

"जुळला की."

"टाकी नाही ना रंगवलीत? माझे ओरखडे आहेत ना?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्या गुळगुळीत रंगावर तळवा ठेवला.

"हायेत की," ते म्हणाले. "ते कुठं जात्यात."