देवरेकाकांनी परवानगी नाकारली

आमच्या इमारतीत तेवीस दारं आहेत आणि बावीस दारांवर नावाच्या पाट्या आहेत. तेविसावं दार देवरेकाकांचं. पाटी का नाही, असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "ज्याला माझ्याकडे यायचंय त्याला माझं नाव माहीत असतं. ज्याला माहीत नाही, त्याचं माझ्याकडे काम नाही."

कुठल्याही गेटवर वॉचमनने वही पुढे केली की काका फक्त आडनाव लिहितात, 'कामाचे स्वरूप' या रकान्यात 'आहे' असं लिहितात आणि पुढे चालू लागतात. दुकानातल्या मुलीने बिलासाठी मोबाइल नंबर मागितला की विचारतात, "कारण?" ती बिचारी म्हणते, सिस्टीमला लागतो. "मला टूथपेस्ट हवी आहे, पोरी. टूथपेस्टला माझ्याशी काही बोलायचंय का?" मागे रांग वाढत जाते. त्या रांगेत मी एकदा होते आणि मी त्यांना ओळखत नसल्यासारखी बिस्किटांचे भाव वाचत उभी होते.

काका पोस्टातले. मूळचे सटाण्याचे. तरुणपणी पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात पायी टपाल वाटलं, मग परीक्षा देत देत पोस्टमास्तर झाले. पोस्टकार्ड उघडंच असतं, पण तेही वाचायचं नाही, ही त्यांची शिकवण. "पत्ता वाचायला डोळे दिलेत. मजकूर समोर आला तर नजर वळवायची." निवृत्त झाल्यावरही त्यांनी ती नजर तशीच ठेवली. लिफ्टमध्ये शेजारच्याने फोन काढला तर काका भिंतीकडे तोंड करून उभे राहतात.

अशा माणसाने आमचं अ‍ॅप उघडलं, आणि सगळं सुरू झालं.

मी ओझरच्या रस्त्यावर एका विमान कंपनीत नोकरी करते. 'विमान कंपनी' हा साहेबांचा शब्द. प्रत्यक्षात एक भाड्याचं हेलिकॉप्टर, दोन पायलट आणि आम्ही पाच जण. द्राक्षबागांवरून वीस मिनिटांची सफर, लग्नसराईत नवरदेवाची मिरवणूक आणि कधीमधी एखाद्या पेशंटला तातडीने मुंबईला पोचवणं, असा आमचा व्याप. साहेबांचा मूळ धंदा द्राक्षं परदेशी पाठवण्याचा. अ‍ॅप त्यांच्या साडूच्या मुलाने पुण्यात बसून बनवलेलं.

एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत असताना काका फोन घेऊन दारात उभे. ज्या डोंगरवाटा पायी तुडवल्या, त्या एकदा वरून बघायच्या म्हणून त्यांना सफर बुक करायची होती.

"पोरी, हे तुझं अ‍ॅप माझं वजन विचारतंय."

"लागतं काका."

"लागणारच! यंत्राला भार कळायला नको? बहात्तर किलो. एकदम रास्त प्रश्न." इथवर आवाज शांत होता. "आता पुढे बघ. माझे सगळे कॉन्टॅक्ट्स मागतंय. कारण?"

मी लाटणं खाली ठेवलं.

"माझ्या मेव्हण्याचा नंबर घेतल्याशिवाय तुमचं हेलिकॉप्टर उडत नाही का? तो तर येतही नाहीये! फोटो मागतंय. कारण? मायक्रोफोन मागतंय. पंख्याच्या आवाजात मी काय पुटपुटतो ते ऐकायचंय? आणि लोकेशन, तेही चोवीस तास. अगं, मी वीस मिनिटं वर असणार. उरलेला वेळ मी भाजी आणतो. ती कुठून आणतो, ते पायलटला कशाला?"

त्यांनी 'नाही' दाबलं. अ‍ॅप म्हणालं, परवानगी दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. चिडले की काका अहिराणीवर येतात. फोनकडे बघून ओरडले, "तुले काय करनं शे?"

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात हजर. रेघांच्या कागदावर तीन प्रतींत अर्ज, की लागत नाही ती माहिती मागू नये, आणि आवक शिक्का मारून एक प्रत परत हवी. आमच्याकडे आवक शिक्का नव्हता. "शिक्का नाही आणि लोकांची माहिती गोळा करता?" असं म्हणून त्यांनी माझी सही घेतली.

साहेब हसले. "काका, हल्ली सगळेच घेतात. आणि तुम्हाला लपवायचंय तरी काय?"

"साहेब, आंघोळीला जाताना तुम्ही कडी लावता ना? आत चोरी करता म्हणून लावता का?"

साहेबांनी अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही काकांचा रागच आला होता. नोकरी माझी होती.

तो राग टिकला पंधरा दिवस. मग साडूच्या मुलाने जाहिरातीची एक शक्कल काढली. ज्यांनी ज्यांनी आमच्याबरोबर उड्डाण केलं होतं, त्यांच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर मेसेज गेला. 'तुमच्या ओळखीच्या अमुक यांनी आमच्यासोबत आकाश पाहिलं! तुम्ही कधी?' पुढे फुगे आणि टाळ्या.

दुपारी दिंडोरीकडच्या एका बाईंचा फोन आला. त्यांना आम्ही दोन महिन्यांपूर्वी मुंबईला दवाखान्यात नेलं होतं. बुकिंग नवऱ्याच्या फोनवरून. दुखणं घराबाहेर कोणाला कळू दिलं नव्हतं, कारण मुलीची सोयरीक चालली होती. आता मेसेज मुलाकडच्यांनाही गेला होता आणि ते विचारत होते, हेलिकॉप्टरने कुठे गेला होतात?

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "आमी कोनालाच सांगेल नव्हतं, ताई. तुमाला कोनी सांगितलं व्हतं सांगायला?"

मी 'सॉरी' म्हटलं, आणि तो शब्द मला स्वतःलाच इतका हलका वाटला की मी फोन ठेवून मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले. कोणी केलं हे? साडूच्या मुलाने? साहेबांनी? अर्जावर सही तर माझी होती. मला सांगितलं गेलं होतं, तीन प्रतींत.

संध्याकाळी काकांना सांगायला गेले. "दिंडोरीच्या एक बाई, त्यांचं नाव..." एवढ्यावरच त्यांनी हात वर केला. "नाव नको. काय झालं तेवढं सांग."

ऐकून त्यांनी पाणी मागितलं. माझ्याकडे नाही, आतल्या खोलीकडे बघून. आत कोणीच नव्हतं. मग उठून प्यायले.

सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्याबरोबरच ऑफिसात आले.

"टेक्निकल चूक झाली, काका," साहेब म्हणाले.

"सटाण्याचं पत्र मालेगावला गेलं तर ती चूक. तुम्ही पाकीट फोडलंत आणि गावभर वाचून दाखवलंत! आमच्यात याला नोकरी जात होती." काकांनी टेबलावर बोट टेकवलं. "सगळ्या याद्या पुसा. माझ्यासमोर. आणि त्या बाईंना तुम्ही स्वतः फोन करा. ही पोरगी करणार नाही."

साहेबांनी पुण्याला फोन लावला. स्पीकरवर साडूचा मुलगा म्हणाला, "डेटा राहू द्या ना, पुढे उपयोगी पडेल." साहेबांनी खांदे उडवले आणि आत निघून गेले.

देवरेकाका बाहेर प्रतीक्षागृहात येऊन बसले. पिशवीतून आमच्या अ‍ॅपची प्रायव्हसी पॉलिसी काढली. बारा पानं, इंग्रजी, झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेली. चष्मा लावला आणि सफरीसाठी थांबलेल्या लोकांना ती मराठीत वाचून दाखवू लागले. खणखणीत आवाजात, तार वाचावी तशी.

"'आम्ही आपली माहिती आमच्या विश्वासू भागीदारांना देऊ शकतो.' भागीदार कोण? लिहिलेलं नाही. 'आपण अ‍ॅप काढून टाकलं तरी माहिती आमच्याकडे राहू शकते.' किती दिवस? लिहिलेलं नाही."

एका जोडप्याने जागीच अ‍ॅप काढून टाकलं. पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्षव्यापारी सहकुटुंब आले होते. ते पुढे सरकून बसले. "म्हंजी माझ्या फोनातली समदी नावं यांच्याकडं?"

"सगळी."

"बांगलादेशच्या पार्टीचा नंबर बी?"

"फोनमध्ये असेल तर तोही."

व्यापारी उठलेच. "आन् हे साहेब तर आमच्याच धंद्यातले!"

ते केबिनचं दार न वाजवता आत गेले. आत काय बोलणं झालं ते मी सांगणार नाही, पण बाहेर सगळं ऐकू आलं. अर्ध्या तासात पुण्याला पुन्हा फोन लागला. या वेळी 'राहू द्या' असं कोणी म्हटलं नाही. याद्या पुसायला मी बसले. काका माझ्या मागे उभे राहिले आणि एकेक यादी रिकामी होईपर्यंत हलले नाहीत. फक्त यादीत नावं दिसू लागली की नजर खिडकीबाहेर. "झालं की सांग."

साहेबांनी बाईंना फोन केला. मान खाली होती. सोयरीक जुळली की मोडली, मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

अ‍ॅप आता नाव, नंबर, वजन आणि ओळखपत्र एवढंच मागतं. सफरीला येणाऱ्यांसाठी एक साधा कागद मी स्वतः बनवला. महिनाभराने, सफरीच्या दोन दिवस आधी, काका तो भरायला माझ्या टेबलाशी बसले. भराभर लिहीत होते. शेवटच्या ओळीवर पेन थांबलं. 'आपत्कालीन संपर्क.'

"हे लागतं?"

"लागतं काका. वर काही झालं तर कोणाला तरी कळवावं लागतं."

त्यांनी मान हलवली. प्रश्न रास्त होता, हे त्यांना पटलं होतं. तरी पेन खाली येईना. बाहेर पायलट हेलिकॉप्टरची काच पुसत होता. काकांनी एकदा तिकडे पाहिलं.

"तुझी हरकत नसेल तर," ते म्हणाले, "तुझा नंबर घालू?"

मी नंबर सांगितला. त्यांनी तो दोनदा तपासून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले आणि एक घडी घातलेला कागद हातात दिला. "नंबर तुझा दिलाय, तर तुला माहीत असायला हवं." पोस्टाच्या सुबक अक्षरात एकाखाली एक ओळी होत्या. रक्तगट. रक्तदाबाची गोळी, सकाळची. उंचीची भीती वाटते, पायलटला सांगू नये. पत्नी शांता, गेली त्याला नऊ वर्षं. मुलगा आहे, बंगळुरूला. फोन करत नाही, मीही करत नाही. चूक बहुधा माझी. खाली त्याचा नंबर होता आणि पुढे लिहिलं होतं, 'अगदीच वेळ आली तर'.

मी वर पाहिलं. मी वाचत होते तेवढा वेळ देवरेकाका जिन्याच्या कठड्याला धरून, माझ्याकडे पाठ करून उभे होते.