मंगळावरचं कापड दुकान

जगदेवीबाईंनी व्याह्यांच्या कादंबरीला पाचवा नंबर दिला, आणि स्पर्धेत पुस्तकं पाचच होती.

लातूरच्या एका वाचक मंडळानं विज्ञान आणि अद्भुत कादंबऱ्यांसाठी पुरस्कार ठेवला होता. सभासदांनी पाचही पुस्तकं वाचून, आपल्या आवडीनं क्रम लावून तो मंडळाचे चिटणीस शेषेराव यांना फोनवर कळवायचा होता. मुरुडला बसून जगदेवीबाईंनी सगळी वाचली. हा त्यांचा जुना नाद. उमरीला माहेरी असताना, माणूस चंद्रावर उतरायच्या आधीच, कंदिलाच्या उजेडात त्या एका फाटक्या मासिकातून चंद्रावर जाऊन आल्या होत्या. तेव्हापासून वाचलेल्या प्रत्येक गोष्टीला मनात नंबर द्यायची सवय लागली, ती नातवंडं झाली तरी सुटली नाही.

पहिला नंबर त्यांनी ऋतुजा नावाच्या मुलीच्या ‘पुढच्या सालची पॅसेंजर’ला दिला. मुदखेड जंक्शनला एक गाडी पुढच्या वर्षातून येते आणि गेलेल्या माणसांचे निरोप घेऊन जाते, अशी ती कथा. बाई दोनदा रडल्या होत्या. व्याही संगप्पा यांची कादंबरी होती ‘मंगळावरचं कापड दुकान’. संगप्पांचं लातूरला कापडाचं दुकान, त्यामुळे त्यातलं कापड पहिल्या प्रतीचं होतं. मंगळ मात्र जेमतेम.

सून दामिनी भाकरी थापता थापता म्हणाली, “आत्या, आमच्या अप्पाला कितवा दिलाव?”

जगदेवीबाई अडकल्या. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलायची सोय नव्हती. त्या म्हणाल्या, “व्याह्याचं ताट कधी मागून वाढतेत का गं?”

पंगतीत व्याह्याला पहिलं ताट, हे दामिनीला कोण शिकवणार? तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पिठाच्या हातानंच बापाला फोन लावला.

दुसऱ्याच दिवशी संगप्पा इरकल लुगडं आणि पेढे घेऊन हजर. आलेल्या व्याह्याला रिकामं कसं पाठवायचं, म्हणून पुरण शिजलं, टॉवेल-टोपी झाली. जेवताना संगप्पांनी सांगितलं, की त्यांनी सगळ्या सोयऱ्यांना मंडळाचं सभासद केलंय, आणि विहीणबाईंसारख्या वाचणाऱ्या बाईनं पहिला नंबर दिला म्हटल्यावर एकूण एकानं तोच द्यायचा शब्द दिलाय. फेटे बांधणाराही सांगून ठेवला होता. जगदेवीबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

क्रम अजून कळवायचा होता; ते गेल्यावर बाईंनी तो बदलायचं ठरवलं. सुनेचं माहेर दुखवून या वयात काय मिळवायचं? मनातल्या मनात त्यांनी व्याह्यांना वर नेलं, की मुदखेडची पॅसेंजर खाली यायची. ती खाली आली, की जीव कळवळायचा. असं वरखाली करता करता शेवटचा दिवस उजाडला आणि शेषेरावांचाच फोन आला. बाईंनी विचार केला, एवढे सोयरे पहिला देऊन राहिलेत, त्यात आपला एक पाचवा कोणाला दिसणार? त्यांनी डोळे मिटून खरा क्रम सांगून टाकला आणि त्या रात्री गाढ झोपल्या.

समारंभाला पुढच्या दोन रांगा गुलाबी फेट्यांनी भरल्या होत्या. शेषेरावांनी निकाल खालून वाचायला घेतला. पाचवं पुस्तक, ‘मंगळावरचं कापड दुकान’. शेषेराव सरळ माणूस. त्यांनी पुढचंही वाचलं: पहिला नंबर एकानंही दिलेला नाही.

फेट्यांमध्ये चुळबुळ सुरू झाली. दामिनीच्या काकांना एकदम खोकला आला. मामा छताचा पंखा बघू लागले. दामिनी पदराचा काठ असा निरखू लागली, जणू तो आजच विकत घेतलाय. जगदेवीबाईंना उमगलं. बाकीचे देतीलच, असं एकेकानं धरून चाललं होतं. आणि पुरस्कार ऋतुजाला मिळाला तेव्हा सगळ्यात मोठ्या टाळ्या या दोन रांगांतूनच आल्या.

जेवणाच्या वेळी संगप्पा बाईंच्या शेजारची खुर्ची ओढून बसले. फेटा त्यांनी मांडीवर ठेवला होता.

“विहीणबाई, तुमचा तरी एक पहिला निघायला पाहिजे होता.”

बाईंनी ताट खाली ठेवलं. “मी पाचवा दिला, अप्पा.”

“का म्हणून?”

“मंगळावर लढाई पेटलीय, राजाचं डोकं उडालंय, अन् तुमचा गडी तीन पानं कापडाची थानं मोजत बसलाय. मला वाटलं, शत्रू बी कंटाळून जातोय की काय.”

संगप्पांनी मांडीवरचा फेटा उलटासुलटा केला. दामिनी दुरून हात जोडून बसली होती. आता माहेर तुटतंय की सासर, एवढंच तिला कळायचं होतं.

“म्हणजे तुम्ही वाचलं,” संगप्पा हळूच म्हणाले. “तिथवर वाचलं. ह्या भाड्यांनी तर पुस्तकाचा प्लास्टिकचा कागद बी काढला न्हाई. आत्ताच एकेकाला इचारलं, राजाचं काय झालं? तर म्हणतेत, लई चांगला होता.”

त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा समाधान आलं. त्यांनी खुर्चीखालून एक फुगलेली पिशवी काढून बाईंच्या मांडीवर ठेवली.

“दुसरा भाग. छापायच्या आधी तुम्हीच वाचायचा. दुसऱ्या कुणावर भरवसा न्हाई माझा.”

पिशवीच्या वजनानं जगदेवीबाई जरा वाकल्या. तरी वाचणाऱ्या बाईला न वाचलेल्या पुस्तकाची ओढ असतेच. त्यांनी विचारलं, “ह्यात लढाई कितव्या पानावर हाय?”

“लढाई काढून टाकली,” संगप्पा म्हणाले. “नुसतं दुकान ठेवलंय.”