ब्रुनोसाठी पंचाहत्तर गुण

तिसऱ्या मजल्यावरचं सॉफ्टवेअरवालं जोडपं कायमचं अमेरिकेला गेलं, तेव्हा त्यांनी गाडी विकली, फ्रिज विकला, गाद्या कामवालीला दिल्या. अकरा वर्षांच्या ब्रुनोला मात्र गिऱ्हाईक मिळालं नाही, म्हणून तो पार्किंगमध्ये खांबाला बांधलेला राहिला. चार महिने. वॉचमन शिळी पोळी टाकायचा आणि सभासद नाकाला रुमाल लावून गाड्या काढायचे. शेवटी धायरीतल्या त्या सुसंस्कृत सोसायटीने फळ्यावर सूचना लावली, की रविवारपर्यंत कुत्रा हलला नाही तर महापालिकेची गाडी बोलावून त्याला पाठवून देण्यात येईल. कुठे, ते लिहिलं नव्हतं.

"आपणच ठेवू या ना त्याला," त्याच सोसायटीतल्या हेमाताई नवऱ्याला म्हणाल्या.

"आपण?" शरच्चंद्रराव दचकलेच. "घरभर केस होतील. शिवाय त्याला चांगलं घर मिळायला हवं. मी बघतो."

शरच्चंद्ररावांनी अडतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं आणि बोर्डाचे पेपर तपासले होते. एकाही पोराला त्यांनी कधी एक गुण फुकट दिला नाही. त्यांनी रात्रीतून एक फॉर्म तयार केला. वीस प्रश्न, शंभर गुण, उत्तीर्ण होण्यासाठी पंचाहत्तर. डेअरीच्या दारावर जाहिरात चिकटवली आणि पार्किंगमध्ये टेबलखुर्ची टाकून ते बसले.

पहिले आले ज्ञानदेव. धायरी गावठाणातले, चार म्हशी, सोसायटीत दूध घालायचे. त्यांना पाहून ब्रुनो कित्येक दिवसांत पहिल्यांदा उठून उभा राहिला.

"कुत्र्यासाठी स्वतंत्र खोली?"

"खोली कशाला, गुरुजी? गोठ्यात ऱ्हाईल की, म्हशींच्या उबंला."

"आहार?"

"आमी खातो त्येच. दूध-भाकर."

"दिवसभर लक्ष कोण ठेवणार?"

"लक्ष काय ठेवायचं? हिंडंल की माझ्यामागं."

शरच्चंद्रराव लाल पेनाने शून्यं काढत होते. तोवर ब्रुनोने हनुवटी ज्ञानदेवांच्या पायावर टेकवून डोळे मिटले होते. याला फॉर्ममध्ये गुण नव्हते.

"एकतीस," शरच्चंद्ररावांनी निकाल दिला.

"अहो, कुत्र्याने पास केलंय त्यांना," हेमाताई म्हणाल्या.

"कुत्रा परीक्षक नाही."

ज्ञानदेवांनी ब्रुनोच्या मानेवरून हात फिरवला, किटली उचलली आणि गेले.

शनिवारी आनंद आणि कादंबरी आले. दोघंही हिंजवडीत नोकरीला. फॉर्म त्यांनी टाइप करूनच आणला होता. स्वतंत्र जागा, आयात केलेलं खाद्य, सांधेदुखीसाठी खास गादी, चोवीस तास देखरेख, पशुवैद्याचा मोबाइल नंबर. शरच्चंद्ररावांचं पेन कुठे अडेचना. अखेर सही दुसऱ्याच चौकटीत केली म्हणून त्यांनी तीन गुण कापले.

"सत्त्याण्णव!" ते हेमाताईंना म्हणाले. "याला म्हणतात घर."

गाडीत चढवताना ब्रुनोने मागे वळून पाहिलं. हेमाताईंना ते बघवेना, त्या आधीच वर निघून गेल्या.

दोन महिने रोज हेमाताईंचं "एकदा बघून या" ऐकल्यावर शरच्चंद्रराव एका सुट्टीच्या दिवशी तपासणीला गेले. ब्रुनो बाल्कनीत होता, वॉशिंग मशिन आणि कुंड्यांच्या मध्ये. बरगड्या दिसत होत्या. खाद्याची महागडी पिशवी होती, वाटीत खाद्यही होतं, त्यावर मुंग्या फिरत होत्या. खास गादीवर उन्हं आली होती. भिंतीवर कॅमेरा होता.

"चोवीस तास देखरेख म्हणाला होतात," शरच्चंद्ररावांचा आवाज चढला.

"आहे ना सर!" आनंदने फोन पुढे केला. "ऑफिसमधून लाइव्ह दिसतो. मीटिंगमध्येपण चेक करतो आम्ही."

"आणि स्वतंत्र जागा?"

"बाल्कनी पूर्ण त्याचीच आहे. आम्ही जातच नाही तिकडे."

फॉर्ममध्ये एकही शब्द खोटा नव्हता. गुण बरोबरच दिले होते, याचंच शरच्चंद्ररावांना जास्त दुःख झालं.

"बरं झालं तुम्ही आलात," कादंबरी म्हणाली. "जानेवारीत आम्ही परदेशी, ऑनसाइट चाललोय. तुम्हाला मेल टाकणारच होतो."

शरच्चंद्ररावांनी ब्रुनोला रिक्षात घातलं आणि तडक गावठाण गाठलं. आयुष्यात पहिल्यांदा ते पेपर फेरतपासणीला घेऊन निघाले होते. पण गोठ्याच्या जागी पत्रे ठोकलेले होते आणि आत यंत्रं खडखडत होती. ज्ञानदेव शेजारच्या नव्या इमारतीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले सापडले, हातात दुधाची किटली नव्हती.

"पोरांनी जागा बिल्डरला दिली," ते म्हणाले. "म्हशी इकल्या. तवर बिल्डरनं इथं फ्लॅट दिलाय. चौथा मजला हाय, लिफ्ट हाय, सोतंत्र खोली बी हाय. आता पास झालो असतो न्हवं, गुरुजी?"

"त्याचसाठी आलोय. घेऊन जा याला."

ज्ञानदेवांनी ब्रुनोचं डोकं दोन्ही हातांत धरलं. बराच वेळ सोडलं नाही. "इथं कुत्रं चालत न्हाय," ते म्हणाले. "फळ्यावर लिवलंय." मग त्यांनी मान वर केली. "मी म्हंतो, तुमीच का न्हाय ठिवला?"

शरच्चंद्ररावांनी वीस प्रश्न काढले होते, त्यात हा नव्हता.

ब्रुनोला स्वतःहून रिक्षात चढता येईना. दोघा म्हाताऱ्यांनी मिळून त्याला उचललं. घरी पोचल्यावर हेमाताईंनी दार उघडलं आणि त्या बाजूला झाल्या.

"ये रे राजा, आत ये," त्या म्हणाल्या.

ब्रुनो हळूहळू आत गेला. शरच्चंद्ररावही चप्पल काढू लागले, तशा त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"तुम्ही थांबा बाहेर. आधी फॉर्म भरा."