सगळ्या राजांची एक विहीर

मुलांनो, डोळे मिटू नका. उघड्या डोळ्यांनी कल्पना जास्त चांगली करता येते. समजा, एक वर्ग आहे. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली आहे, पंखा कुरकुरतो आहे आणि मागच्या बाकांवर पापण्या जड झाल्या आहेत. इतिहासाच्या बाई पुस्तकातून वाचतात, "राजा दयाळू होता. त्याने प्रजेसाठी खोल विहीर खोदली."

"एकट्यानं?" भिंगरीनं विचारलं.

हजेरीत या मुलीचं नाव वेगळं होतं, पण एका जागी बसणं तिला जमत नसे, म्हणून ती भिंगरी. दुसऱ्या कुणी "परीक्षेत येणार नाही ते विचारू नकोस" असं सांगून विषय मिटवला असता. या बाईंनी पुस्तक मिटलं.

"चला, खोदूनच बघू. पाणी लागलं की धडा संपला."

बाक भिंतीला लागले. वकीलबाईंचा मुलगा ढब्बू राजा झाला आणि टेबलावर बसला. बाकीच्यांनी रिकाम्या हातांत फावडी धरली आणि खणायला सुरुवात केली. कुणी माती उपसली, कुणी ती डोक्यावरून वाहून दारापाशी टाकली. भिंगरीला मध्येच दगड लागला. तिनं तो सगळ्यांना दाखवला आणि सगळ्यांना तो दिसला.

थोड्या वेळानं राजा म्हणाला, "बाई, मी पण येऊ का खाली? इथे काहीच होत नाहीये."

"बस की रे मुकाट्यानं," दगडाशी झटणारी भिंगरी म्हणाली. "राज्य कर."

घंटा झाली. दगड फुटला नव्हता. त्या दिवशी प्रथमच मुलांना घरी जायचं नव्हतं.

पण मुलं घरी गेली आणि आपण काय केलं ते त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत पालकांना खुर्च्या पुरेनात.

"माझा मुलगा खड्डे खणणार?" दातांचे डॉक्टर कडाडले. "यासाठी शाळेत घातलंय त्याला?"

"अहो, कल्पनेतले खड्डे आहेत," बाई म्हणाल्या.

"कल्पनेत तरी कशाला कमीपणा?"

हा मुद्दा मुख्याध्यापकांना बिनतोड वाटला. तातडीनं 'भूमिका समन्याय समिती' नेमण्यात आली. कोणत्याही विद्यार्थ्यास इतिहासात दुय्यम स्थान देण्यात येऊ नये, सबब सर्व विद्यार्थ्यांना राजा करण्यात यावे, असा ठराव समितीनं एकमतानं केला. अडचण एकच उरली. धड्यात विहीर होती आणि ती कुणीतरी खोदणं भाग होतं.

तक्रार आली नव्हती ती फक्त भिंगरीच्या घरून. तिची आजी म्हणाली होती, "खणू दे की पोरीला. निदान पोटभर जेवते तरी." त्यामुळे समितीनं तिला 'उत्खनन सहायक (हंगामी)' हे पद बहाल केलं. भिंगरीला पदाचं काही नव्हतं. तिला तो दगड फोडायचा होता आणि खाली पाणी आहे की नाही, ते बघायचं होतं.

पुढे सुरक्षेचा प्रश्न निघाला. फावड्याला धार असते. ते कल्पनेतलं असल्यानं धार किती आहे हे कळायला मार्ग नाही, म्हणजे धोका अधिकच. तेव्हा शाळा सुटताना फावडं कार्यालयात जमा करावं, असा आदेश निघाला. भिंगरी रोज संध्याकाळी रिकामे हात पुढे करून शिपाईकाकांसमोर उभी राही.

"हळू गं, दांडा लागेल कुणाला," काका म्हणत आणि कपाटाला कुलूप लावत. ते एकदा किल्ली घरी विसरले, तेव्हा त्या दिवसाचं खोदकाम अधिकृतपणे स्थगित झालं.

या अभिनव उपक्रमाची कीर्ती वर पोहोचली आणि तपासनीस साहेब पाहणीला आले. शाळेच्या सभागृहात पालक खुर्च्यांवर बसले. मंचावर पुठ्ठ्याचे मुकुट घातलेले राजेच राजे उभे होते. पहिल्या रांगेत कोण, यावरून त्यांच्यात लढाई होता होता राहिली. मधोमध भिंगरी खणत होती. एक राजा म्हणाला, "इथे खोद." दुसरा म्हणाला, "छे, माझ्या राज्यात खोद." तिनं कुणाकडेच लक्ष दिलं नाही.

"विहीर कुणी खोदली?" साहेबांनी कौतुकानं विचारलं.

"मी!" सगळे राजे एका सुरात ओरडले. टाळ्या पडल्या. साहेबांनी फीत कापली, वाकून ओंजळ भरली आणि ते पाणी प्यायले.

"वा! गोड आहे."

"साहेब," भिंगरी धापा टाकत म्हणाली, "अजून पाणी लागलं नाही."

मुख्याध्यापक दात आवळून म्हणाले, "अगं, उद्घाटन झालं! आता थांब."

"बाळ," साहेब समजुतीनं म्हणाले, "मी प्यायलो ना आत्ता?"

"तुम्ही काय प्यायलात ते मला नाही माहीत. इथे दगड आहे." मग ती राजांकडे वळली. "ए, या ना चारपाच जण. एकटीनं नाही फुटत हा."

राजे आपापल्या आईबापांकडे बघू लागले. ढब्बूचा हात मुकुटाकडे गेला. वकीलबाईंनी नुसते डोळे वटारले आणि हात खाली आला. "वेळ संपत आली," मुख्याध्यापक म्हणाले. बाई पुढे यायला निघाल्या, पण भिंगरीनं मान हलवली. बाई थांबल्या.

भिंगरीनं काठावर दोन्ही हात टेकले, अंग वर ओढलं आणि ती विहिरीबाहेर आली. कपड्यांची माती झटकली. मंच उतरून ती खुर्च्यांपाशी गेली आणि फावड्याचा दांडा पहिल्या माणसापुढे धरला. दातांच्या डॉक्टरांनी घड्याळात पाहिलं. शेजारच्या बाई फोनमध्ये काहीतरी शोधू लागल्या. पुढच्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या आणि फार सुंदर, फार सुंदर, असं म्हणत पाय आखडून तिला वाट करून दिली.

ती रांगेतून पुढे आली आहे. आता तुमच्या खुर्चीपुढे थांबून तिनं दांडा पुढे केला आहे.